मुलांच्या हाती नेतृत्व सोपवणारा सेनानी : लॉर्ड बेडन-पॉवेल

दरवर्षी २२ फेब्रुवारी रोजी जगभरातील स्काऊट आणि गाईड आपल्या चळवळीच्या संस्थापकाचे स्मरण करतात. भारतातही असंख्य शाळांच्या मैदानांवर या दिवशी ध्वजवंदन होते, गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले डाव्या हाताने हस्तांदोलन करतात आणि वचनाचा पुनरुच्चार होतो. ज्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो ते रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल हे पेशाने सैनिक होते आणि ब्रिटिश साम्राज्याचे निष्ठावंत सेवक होते. तथापि इतिहासात त्यांचे नाव राहिले ते रणांगणावरील पराक्रमापेक्षा एका शैक्षणिक कल्पनेमुळे. अकरा-बारा वर्षांच्या मुलावर खरी जबाबदारी टाकली तर तो ती पेलतो, आणि मोठ्या माणसाचे काम त्याला हुकूम देण्याचे नसून त्याला पुढारी होऊ देण्याचे आहे, ही ती कल्पना होय. ती त्यांना कशी सुचली, त्यांनी ती कशी राबवली आणि स्वतः ते तिला कोठे अपुरे पडले, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

पितृछत्र हरपलेले बालपण

रॉबर्ट यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमधील पॅडिंग्टन भागात झाला. वडील रेव्हरंड बेडन पॉवेल हे ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. आई हेन्रिएटा ग्रेस ही ॲडमिरल विल्यम स्मिथ यांची कन्या. रेल्वेच्या उभारणीत मोठे नाव मिळवलेले अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन हे या मुलाचे धर्मपिता होते व त्यांचेच नाव त्याला देण्यात आले. रॉबर्ट तीन वर्षांचा असताना, १८६० मध्ये, वडिलांचे निधन झाले. सर्वांत धाकटा भाऊ तेव्हा अवघ्या काही आठवड्यांचा होता. मोठ्या कुटुंबाचा भार आईवर आला. तिने तो खंबीरपणे पेलला आणि पतीची स्मृती राहावी म्हणून १८६९ मध्ये कुटुंबाचे आडनाव बेडन-पॉवेल असे करून घेतले.

घरात वडील नसल्याने थोरल्या भावंडांकडे आपोआपच धाकट्यांची जबाबदारी आली. सुट्टीच्या दिवसांत हे बंधू लहान शिडाच्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करीत. थोरले बंधू वॉरिंग्टन हे बोटीचे कप्तान असत, आणि दोर ओढणे, स्वयंपाक करणे, भांडी घासणे ही कामे धाकट्यांच्या वाट्याला येत. याच वॉरिंग्टन यांनी पुढे, १९१२ मध्ये, सागरी स्काऊटांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. स्काऊटमास्तर हा वडीलबंधूसारखा असावा, अशी अपेक्षा बेडन-पॉवेल पुढे आयुष्यभर व्यक्त करीत राहिले. ज्या मुलाला वडील फारसे आठवतही नव्हते आणि ज्याने शिस्तीचे पहिले धडे भावाच्या हाताखाली गिरवले, त्याच्या मनात नेतृत्वाचे हेच चित्र उमटावे यात नवल नाही.

१८७० मध्ये चार्टरहाऊस या नामांकित शाळेत त्यांना शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. दोन वर्षांनी ही शाळा लंडनहून गोडाल्मिंग येथे हलली. शाळेलगतच्या रानात जाण्यास विद्यार्थ्यांना मनाई होती. रॉबर्ट मात्र चोरपावलांनी तेथे जात, पशुपक्ष्यांचा माग काढत, ससे पकडत आणि धूर दिसू नये अशा बेताने चूल पेटवून ते शिजवत. अभ्यासात ते मध्यम होते. नाट्य, संगीत आणि चित्रकला यांत मात्र ते रमत, आणि दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने चित्रे काढत. ऑक्सफर्डचा प्रवेश हुकला. त्यानंतर सैन्याच्या स्पर्धापरीक्षेत मात्र त्यांनी घोडदळाच्या यादीत दुसरा क्रमांक मिळवला आणि त्यांची थेट तेराव्या हुसार पलटणीत नेमणूक झाली.

भारतातील सैनिकी जीवन

१८७६ च्या अखेरीस मुंबई बंदरात उतरून हा एकोणीस वर्षांचा तरुण अधिकारी लखनौ येथील आपल्या पलटणीत दाखल झाला. तुटपुंज्या पगारात भागवण्यासाठी त्यांनी इंग्लंडमधील नियतकालिकांना लेख आणि चित्रे पाठवण्यास प्रारंभ केला. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्याच्या खेळात ते निष्णात झाले आणि १८८३ मध्ये या खेळातील मानाचा कादिर करंडक त्यांनी जिंकला. परंतु त्यांना खरी गोडी लागली ती टेहळणीच्या विद्येची. पाऊलखुणा वाचणे, झाडाच्या मोडलेल्या डहाळीवरून कोण कोणत्या दिशेने गेले याचा अंदाज बांधणे, रात्री ताऱ्यांवरून वाट शोधणे या गोष्टींचा त्यांनी ध्यासच घेतला. १८८४ मध्ये त्यांनी या विषयावर सैनिकांसाठी पहिले पुस्तक लिहिले.

त्यानंतरची वर्षे झुलूलँड, माल्टा आणि पश्चिम आफ्रिकेतील अशांटी येथे गेली. १८९६ मध्ये ते माटाबेलेलँडच्या मोहिमेवर होते. आजच्या झिंबाब्वेतील मातोबोच्या डोंगराळ भागात रात्री एकट्याने केलेल्या टेहळणीमुळे आणि अमेरिकन वाटाड्या फ्रेडरिक बर्नहॅम यांच्या सहवासामुळे त्यांची ही विद्या पक्की झाली. याच मोहिमेत उविनी या आफ्रिकी नायकाला शरण आल्यानंतर सैनिकी न्यायालयासमोर उभे करून गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्या शिक्षेवर बेडन-पॉवेल यांनी शिक्कामोर्तब केले होते. या प्रकरणाची चौकशी झाली. त्यांना दोषमुक्त करण्यात आले, तरी तो प्रसंग त्यांच्या चरित्रातून पुसला गेलेला नाही.

१८९७ मध्ये ते पुन्हा भारतात आले. मीरत येथे पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या पलटणीची सूत्रे त्यांच्याकडे सोपवण्यात आली. येथे त्यांनी एक प्रयोग केला. नव्या जवानांना शेकड्यांनी रांगेत उभे करून कवायत शिकवण्याऐवजी त्यांनी पाच-सहा जणांच्या तुकड्या पाडल्या, प्रत्येक तुकडीला एक प्रमुख दिला आणि तिला स्वतंत्र कामगिरीवर पाठवण्यास सुरुवात केली. मोठ्या घोळक्यात सामान्य जवान दुसऱ्याच्या पाठीकडे पाहून चालतो. लहान तुकडीत त्याला स्वतः डोके चालवावे लागते, हे त्यांनी ओळखले. उत्तम टेहळणी करणाऱ्यांना त्यांनी होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणाऱ्या लिलीच्या फुलासारखे चिन्ह दिले. तेच पुढे जगभरच्या स्काऊटांचे बोधचिन्ह ठरले. या प्रशिक्षणावरील त्यांच्या व्याख्यानांतून ‘एड्स टू स्काऊटिंग’ हे छोटेखानी पुस्तक तयार झाले. स्काऊट पद्धतीचे एक मूळ अशा रीतीने मीरतच्या छावणीत रुजले आहे.

मॅफेकिंगचा वेढा आणि संदेशवाहक मुले

१८९९ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. मॅफेकिंग या छोट्या गावाच्या रक्षणाची जबाबदारी बेडन-पॉवेल यांच्यावर होती. बोअर सैन्याने गावाला घातलेला वेढा १३ ऑक्टोबर १८९९ पासून १७ मे १९०० पर्यंत, म्हणजे २१७ दिवस चालला. सैनिक कमी पडत असल्याने त्यांचे प्रमुख सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातील गोऱ्या मुलांचे एक पथक उभारले. निरोप पोचवणे, टेहळणी नाक्यांवर लक्ष ठेवणे, इस्पितळात मदत करणे ही कामे त्यांच्याकडे देण्यात आली. त्यांचा नायक वॉर्नर गुडइयर हा सुमारे तेरा वर्षांचा मुलगा होता. मुले निरोप घेऊन प्रथम गाढवांवरून आणि पुढे सायकलींवरून जात. वेढ्याच्या काळात गावात छापलेल्या एका टपाल तिकिटावर सायकलस्वार गुडइयरचेच चित्र होते.

बेडन-पॉवेल यांच्या मनावर या मुलांचा खोल ठसा उमटला. जी कामे प्रौढांचीच म्हणून मानली जात, ती ही मुले कुरकुर न करता पार पाडत होती. त्यांना वागवले गेले ते मोठ्यांसारखे, आणि ती वागलीही तशीच. वेढा उठल्याची बातमी पोचताच इंग्लंडमध्ये जल्लोष झाला. त्रेचाळिसाव्या वर्षी मेजर जनरल झालेले बेडन-पॉवेल राष्ट्रीय वीर ठरले. या गौरवाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वेढ्यातील अन्नटंचाईची सर्वाधिक झळ गावातील आफ्रिकी रहिवाशांना बसली. शिधावाटपात त्यांच्यावर अन्याय झाला काय आणि त्याची जबाबदारी सेनापतीवर किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

ब्राऊनसी बेटावरील प्रयोग

मायदेशी परतल्यावर बेडन-पॉवेल यांच्या लक्षात आले की, सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक मुले आणि शिक्षकच अधिक वाचत आहेत. शार्लट मेसन यांच्या शिक्षिका प्रशिक्षण संस्थेत ते अभ्यासाला लावले गेले होते. १९०४ मध्ये ग्लासगो येथे बॉईज ब्रिगेड या संघटनेच्या संचलनाला ते उपस्थित राहिले, तेव्हा तिचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनी मुलांसाठी या पुस्तकाची नवी रचना करण्याचा आग्रह धरला. हजारो मुलांची शिस्तबद्ध कवायत पाहून बेडन-पॉवेल प्रभावित झाले होते. पण कवायतीत मूल आज्ञा पाळायला शिकते, निर्णय घ्यायला शिकत नाही, असे त्यांचे मत होते.

आपली कल्पना प्रत्यक्षात उतरते का हे पाहण्यासाठी त्यांनी १ ऑगस्ट १९०७ पासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल बंदरातल्या ब्राऊनसी बेटावर सुमारे आठवडाभराचे शिबिर घेतले. वीसच्या आसपास मुले होती. काही ईटन आणि हॅरो यांसारख्या धनिकांच्या शाळांतील, तर काही बोर्नमथ आणि पूल येथील बॉईज ब्रिगेडमधील कामकरी कुटुंबांतील. वर्गभेद कमालीचा तीव्र असलेल्या त्या काळच्या इंग्लंडमध्ये या दोन प्रकारच्या मुलांनी एका तंबूत झोपणे हेच नवल होते. मुलांचे चार संघ पाडण्यात आले. त्यांना लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा अशी नावे दिली गेली आणि प्रत्येक संघाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाची फीत लावली गेली. प्रत्येक संघाचे नेतृत्व त्यातीलच एका मोठ्या मुलाकडे होते.

दिवसाची सुरुवात माटाबेलेलँडहून आणलेल्या कुडू हरणाच्या शिंगाच्या नादाने होई. रोज एक विषय हाती घेतला जाई. गाठी बांधणे, माग काढणे, निरीक्षण, प्रथमोपचार, बुडणाऱ्याला वाचवणे हे सारे खेळांच्या रूपात चाले. रात्री एका संघाने मुख्य तळापासून दूर जाऊन स्वतःचा शिधा स्वतः शिजवायचा, आपले पहारेकरी आपणच नेमायचे, असा नियम होता. मोठ्या माणसांनी तेथे लुडबूड करायची नाही. संघाच्या वागणुकीची जबाबदारी सर्वस्वी संघनायकाची मानली गेली. शिबिर संपले तेव्हा संघनायकावर टाकलेला विश्वास हेच यशाचे प्रमुख कारण असल्याचा निष्कर्ष बेडन-पॉवेल यांनी काढला.

चळवळीचा जन्म

जानेवारी १९०८ पासून ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक पाक्षिक अंकांच्या रूपाने सहा भागांत प्रसिद्ध झाले. प्रत्येक भागाची किंमत अवघी चार पेन्स होती, त्यामुळे ते कामगार वस्तीतील मुलांच्याही हाती पडले. अस्तित्वातील संघटनांनी हे उपक्रम आपल्या कार्यक्रमात सामावून घ्यावेत, एवढीच लेखकाची अपेक्षा होती. घडले ते निराळेच. इंग्लंडभर मुलांनी आपापसांत संघ स्थापन केले, नायक निवडले, टोप्या आणि काठ्या जमवल्या आणि मग आपल्याला स्काऊटमास्तर मिळावा म्हणून ओळखीच्या शिक्षकांकडे, धर्मगुरूंकडे, शेजारच्या तरुणांकडे धाव घेतली. एरवी मोठी माणसे संस्था काढतात आणि मुलांना तीत दाखल करून घेतात. येथे मुलांनीच आधी संघटना उभी केली आणि प्रौढांना बोलावून घेतले.

सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर दहा हजारांहून अधिक स्काऊट जमले. त्यांत काही मुलीही होत्या. त्या कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता स्काऊटांचा पोशाख करून आल्या होत्या आणि आम्हालाही हे सर्व करू द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यासाठी १९१० मध्ये गर्ल गाईड ही स्वतंत्र संघटना निघाली. बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी तिची धुरा वाहिली. त्याच वर्षी बेडन-पॉवेल यांनी सैन्यातून निवृत्ती पत्करली आणि उर्वरित आयुष्य या कार्याला वाहिले. १९१२ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी तेवीस वर्षांच्या ओलाव्ह सोम्स यांच्याशी विवाह केला. योगायोगाने दोघांचाही जन्मदिवस २२ फेब्रुवारी हाच होता. ओलाव्ह यांनी पुढे जागतिक गाईड चळवळीचे नेतृत्व केले.

संघनायक आणि स्काऊटमास्तर

चळवळ झपाट्याने वाढली तशी तिची रचना निश्चित करणे भाग पडले. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक नायक व एक उपनायक, आणि असे काही संघ मिळून एक पथक, अशी घडी बसली. पथकाचे संघनायक एकत्र येऊन मानसभा भरवीत. पुढील शिबिर कोठे, वर्गणीचा विनियोग कसा, कोणाच्या वर्तनाबद्दल काय करायचे, हे या सभेत ठरे. स्काऊटमास्तर तेथे सल्लागार म्हणून बसे. शिस्तभंगाचा निवाडासुद्धा शक्यतो मुलांनीच करावा, असा दंडक होता.

संघनायकाला नुसता बिल्ला देऊन भागत नाही, हेही बेडन-पॉवेल यांनी वारंवार बजावले. स्काऊटमास्तराने पथकातील सर्व मुलांना शिकवत बसण्यापेक्षा संघनायकांचा वेगळा संघ करून त्यांना आधी शिकवावे आणि त्यांनी ते आपापल्या संघात न्यावे, अशी ही योजना होती. तंबू वाकडा उभा राहिला, भात करपला, वाट चुकली, तरी जीविताला धोका नसेल तोवर मोठ्याने हात पाठीमागे ठेवून पाहत राहावे, अशी त्यांची धारणा होती. या पद्धतीचे सर्वांत प्रभावी विवेचन रोलंड फिलिप्स या तरुण कार्यकर्त्याने १९१४ मध्ये ‘द पेट्रोल सिस्टिम’ या पुस्तिकेत केले. लंडनच्या गरीब पूर्व भागात स्काऊट पथके उभारणारे फिलिप्स १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारले गेले. संघपद्धती हा स्काऊट शिक्षणाचा अनेक मार्गांपैकी एक मार्ग नसून तोच एकमेव मार्ग आहे, ही भूमिका बेडन-पॉवेल यांनी पुढे कायम ठेवली.

वय बदलते तसे नेतृत्वाचे स्वरूपही बदलायला हवे, हे ओळखून धाकट्यांसाठी १९१६ मध्ये कब विभाग सुरू झाला. त्यासाठी त्यांनी रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधील कथांचा आधार घेतला. ज्या सिवनीच्या रानात मोगली वाढला, ते रान आजच्या मध्य प्रदेशात आहे. त्यामुळे जगात कोठेही कब मुलांच्या प्रमुखाला अकेला आणि त्याच्या साहाय्यकाला बाळू किंवा बघीरा म्हटले जाते, तेव्हा भारतीय नावेच उच्चारली जातात. युद्धकाळात असंख्य तरुण स्काऊटमास्तर आघाडीवर गेल्याने कब विभागाची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी स्त्रियांनी उचलली. या वयात मुलाला मोठ्याचा हात धरावाच लागतो. अकराव्या वर्षानंतर तो हात हळूहळू सोडायचा आणि सतरा-अठराव्या वर्षी त्या तरुणाने रोव्हर म्हणून समाजसेवेत उतरायचे, असा हा क्रम होता.

प्रौढांना तरी ही कला कोण शिकवणार, हा प्रश्न उरलाच. हौशी स्काऊटमास्तर एकतर सैनिकी कवायत घेत किंवा शाळेचा वर्ग भरवत. १९१९ मध्ये विल्यम मॅक्लारेन यांनी दिलेल्या देणगीतून लंडनजवळचे गिलवेल पार्क विकत घेण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथे पहिला वुड बॅज अभ्यासक्रम झाला. शिक्षक, निवृत्त अधिकारी, कारकून अशा प्रौढ शिबिरार्थींना मुलांप्रमाणेच संघांत विभागण्यात आले. त्यांनी पाळीपाळीने नायक व्हायचे, एरवी दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली लाकडे फोडायची आणि भांडी घासायची. मुलांना स्वातंत्र्य देणाऱ्याने आधी मुलाच्या जागी राहून पाहिले पाहिजे, हे त्यामागचे सूत्र होते. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या, झुलू राजा दिनुझुलू याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माळेतील लाकडी मणी देण्यात आले. भारतातही हिमालय वुड बॅज या नावाने ही परंपरा आजवर चालू आहे.

१९२० मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात झालेल्या पहिल्या जागतिक मेळाव्यात जमलेल्या स्काऊटांनी बेडन-पॉवेल यांना जगाचे प्रमुख स्काऊट म्हणून घोषित केले. १९२२ पर्यंत ३२ देशांत दहा लाखांहून अधिक स्काऊट होते. १९२९ मध्ये त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली आणि त्यांनी तिला गिलवेलचे नाव जोडले.

भारतीय मुलांचा हक्क

भारतात १९०९ मध्ये बंगळुरू येथे कॅप्टन बेकर यांनी पहिले पथक स्थापन केले. पण ते आणि त्यानंतरची पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. भारतीय मुलांना स्काऊट होऊ देण्यास सरकार नाखूश होते. टेहळणी, संकेतलिपी आणि संघटन शिकलेला तरुण उद्या क्रांतिकारक झाला तर काय, ही भीती राज्यकर्त्यांच्या मनात होती. ज्या चळवळीचा पाया मुलांवरील विश्वास हा होता, तिचे दार अविश्वासापोटी भारतीय मुलांना बंद राहिले.

भारतीयांनी ते दार स्वतः उघडले. श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये शाहजहांपूर येथे भारतीय मुलांचे पथक उभारले. १९१७ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशनची स्थापना केली. पुढच्याच वर्षी अलाहाबाद येथे पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवा समिती स्काऊट संघटना आकाराला आली. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते. नागरिक घडवण्यासाठी निःस्वार्थ कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचावे, ही गोखल्यांची शिकवण त्यांनी स्काऊट पथकात आणली. यात्रा आणि कुंभमेळ्यांत हरवलेल्यांना शोधणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, गर्दीला वाट दाखवणे ही कामे सेवा समितीची मुले करू लागली आणि लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली.

१९२१ च्या प्रारंभी बेडन-पॉवेल भारतात आले. त्यांच्या भेटीनंतर वेगवेगळ्या संघटनांच्या एकीकरणाचा प्रयत्न झाला व भारतीय मुलांना अधिकृत संघटनेत प्रवेश मिळाला. सेवा समितीने मात्र आपले स्वतंत्र अस्तित्व कायम राखले. १९३७ मध्ये दिल्लीतील अखिल भारतीय मेळाव्यासाठी ते पुन्हा आले, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. या दौऱ्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेले अनुदार उद्गार प्रसिद्ध झाले आणि देशभर संताप उसळला. अनेक कार्यकर्ते त्यांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. विशेष हे की, बाहेर पडणाऱ्यांनी संस्थापकाला नाकारले, पण संघ, संघनायक आणि सेवेचे व्रत सोडले नाही. बेडन-पॉवेल यांची पद्धत त्यांच्या पूर्वग्रहांपेक्षा मोठी आहे, हे भारतीय स्काऊटांनी कृतीने दाखवून दिले.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९३७ च्या उन्हाळ्यात हॉलंडमधील फोगेलेनझांग येथे भरलेल्या पाचव्या जागतिक मेळाव्यात त्यांनी स्काऊटांचा निरोप घेतला. पुढच्या वर्षी ते पत्नीसह केनियातील न्येरी येथे एका छोट्या घरात राहण्यास गेले. तेथे पशुपक्ष्यांची चित्रे काढण्यात त्यांचे दिवस जात. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा जगातील स्काऊटांची संख्या तेहतीस लाखांवर गेली होती, आणि ज्यांना त्यांनी बंधुभाव शिकवला ती मुले पुन्हा परस्परांविरुद्ध लढत होती. ८ जानेवारी १९४१ रोजी न्येरी येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या समाधीशिलेवर वर्तुळ आणि मध्ये एक बिंदू, एवढी खूण कोरलेली आहे. माग काढण्याच्या खेळात तिचा अर्थ, मी घरी परतलो, असा होतो.

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या प्रयत्नांनी भारतातील विभागलेल्या संघटना एकत्र आल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली आणि कुंझरू यांनी तिचे राष्ट्रीय आयुक्तपद भूषवले. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाईड संघटनाही तीत सामील झाली. मध्य प्रदेशातील पचमढी येथील राष्ट्रीय केंद्रात आज देशभरातील प्रौढ नेत्यांना प्रशिक्षण दिले जाते.

आपल्याकडे बहुतेक पथके शाळांशी जोडलेली आहेत आणि वर्गशिक्षकच तेथे स्काऊटमास्तर असतो. त्यामुळे चळवळ खेड्यापाड्यांत पोचली, हा मोठा लाभ झाला. पण त्याचबरोबर एक अडचणही आली. सकाळी वर्गात ज्यांच्या शब्दाबाहेर जायचे नाही, त्याच गुरुजींसमोर दुपारी मैदानावर स्वतःचा निर्णय मांडायचा, हे मुलाला सोपे नसते आणि गुरुजींनाही खुर्ची सोडून बाजूला बसणे अवघड जाते. मानसभा कागदावर राहते, संघनायक रांग सरळ करण्यापुरता उरतो आणि संपूर्ण शिबिराचा बेत शिक्षककक्षातच ठरतो. जेथे असे होत नाही, तेथे चित्र वेगळे दिसते. सातवीतील मुलगी आपल्या संघाच्या शिध्याचा हिशेब स्वतः मांडते, चूक झाली तर संघासमोर मान्य करते आणि पुढच्या खेपेस तांदूळ बरोबर मोजते. तिच्या गाईड कॅप्टन थोड्या अंतरावर बसून हे पाहत असतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. ब्राऊनसी बेटावर १९०७ मध्ये जे करून पाहिले गेले, ते नेमके हेच होते.